चोर घडी घालत नाही

तिला सगळे घडीबाई म्हणत. नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण चपखल बसलं होतं. हाताशी कागद आला की घडी, रुमाल आला की घडी, बसचं तिकीटसुद्धा उतरायच्या आत ती नखाएवढं करून टाकायची. लाँड्रीत तिच्या टेबलावरून गेलेला शर्ट अंगात घालताना माणसाला कसंनुसं व्हायचं, इतका तो देखणा दिसायचा. नवरा थट्टा करायचा, "एक दिवस मी जरा पडलो असताना ही माझीसुद्धा घडी घालून कपाटात ठेवणार."

नवरा नदीवरच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचा. ती एकतीस वर्षांची आणि मुलगी दुसरीत असताना, एका धुक्याच्या सकाळी वाळू वाहणारी मोठी होडी फेरीबोटीवर येऊन आदळली. बोट बघता बघता आडवी झाली. बहुतेक उतारू पोहून किंवा कोणाच्या तरी हाताला धरून काठाला लागले. नऊ जण गेले. आठ जणांचे देह चार दिवसांत सापडले. नववा इंजिनच्या खोलीत होता, तो सापडला नाही. पाणबुडे अकरा दिवस खाली उतरत राहिले, नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत शोधून आले आणि बाराव्या दिवशी दोऱ्या गुंडाळून निघून गेले.

घरात सासूबाई होत्या. अंगानं काडी, आवाजानं भोंगा. देवाधर्माच्या वाटेला ते घर कधी गेलंच नव्हतं. सासूबाईंचा विश्वास एका गोष्टीवर होता, रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांवर, आणि तोही निम्माच. त्यांनी सगळ्यांना स्पष्ट सांगून टाकलं, "माझ्या मुलाला मला दाखवा, मग मी रडते. तोवर या घरात कोणी डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही." मुलाचा फोटो त्यांनी भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला. भिंतीवर राहिला तर लोक त्याला गेलेला समजतील, ही धास्ती. त्यानं धुवायला टाकलेले कपडे मोरीजवळच्या टोपलीत जसेच्या तसे राहिले. त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती.

भेटायला येणाऱ्यांची पंचाईत व्हायची. रडावं की धीर द्यावा? दारातच घुटमळायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत जायचे. घडीबाई बायको राहिली नव्हती आणि विधवाही झाली नव्हती. संसाराची घडी विस्कटली म्हणतात, तसंही म्हणायची सोय नव्हती. घडी अर्धी मोडून कोणीतरी मध्येच उठून गेलं होतं.

लाँड्रीत तोवर कपडे धुऊन वाळवून दाबून देणारं नवं मशीन आलं. चर्चच्या वेदीवर अंथरायचं लेस लावलेलं पांढरं कापड त्या मशीननं पहिल्याच फेरीत चावून टाकलं. चर्चचे म्हातारे फादर ते लोंबणारं कापड खांद्यावर टाकून लाँड्रीत आले. भांडले नाहीत. "याआधी हे कोण करत होतं?" एवढंच त्यांनी विचारलं. सगळ्यांनी घडीबाईकडे बोट दाखवलं. दुसऱ्या आठवड्यापासून ती चर्चच्या कामाला लागली.

वेदीच्या मागे एक लांबट खोली होती. एका भिंतीला कपड्यांची कपाटं, मध्ये इस्त्रीचं टेबल, एक उंच खिडकी आणि मेणाचा वास. इथली वस्त्रं तिला लगेच समजली. भरतकाम असेल तर खाली जाड टॉवेल घालून उलट्या बाजूनं इस्त्री. भाकरी आणि द्राक्षारसाचा प्याला ज्यावर ठेवायचा त्या छोट्या चौकोनी कापडाला खळ जास्त आणि घडी कायम आतल्या बाजूनं, तीन पदर असे, तीन पदर तसे, म्हणजे एक कणही खाली सांडायचा नाही. हे फादरांनी एकदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवायला गेले तर तिची घडी त्यांच्यापेक्षा सरळ होती. मग त्यांनी नाद सोडला.

हिवाळा सरता सरता फादरांनी एक पेटी उघडली. आत जांभळ्या कापडाचे चौदा तुकडे होते. ईस्टरच्या दोन आठवडे आधी चर्चमधले सगळे पुतळे आणि क्रूस या कापडांनी झाकायचे होते.

"झाकायचे कशाला?" तिनं विचारलं. "नेमके सणाच्या तोंडावर?"

"उपवास चालू असतो ना," फादर म्हणाले, "पोटाचा असतो तसा डोळ्यांचाही. आवडतं माणूस रोज समोर दिसलं की आपण त्याच्याकडे बघायचं विसरतो. थोडे दिवस दिसेनासं झालं की मग जीव तुटतो."

"आणि जांभळंच का?"

"राजाचा रंग. क्रूसावर चढवायच्या आधी शिपायांनी त्याची टिंगल करायला त्याच्या अंगावर असलाच झगा घातला होता. लोकांना वाटलं थट्टा झाली. निघाला खरंच राजा."

ट्रंकेतला फोटो तिच्या डोळ्यांसमोर आला. चौदाही कापडं तिनं अशी दाबली की एकावरही चुणी उरली नाही.

ईस्टरच्या आधीच्या, मोठ्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर वेदीवरचं सगळं काढून घेतलं. कापडं, मेणबत्त्या, फुलं. खाली नुसतं लाकूड उरलं. कापडं तिच्या हातांवर ठेवत फादर हळूच म्हणाले, "त्याचेही कपडे काढून घेतले होते, म्हणून हे." त्या क्षणापासून घंटांनीही बोलणं टाकलं. शुक्रवारी घंटेऐवजी एक लाकडी फळी ठकठक वाजवली गेली, घशात काहीतरी अडकावं तसा तो आवाज. हे मात्र तिला पटलं. आपल्या घरात सहा महिने जे चाललं होतं ते इथं निदान उघड्यावर चालत होतं. दुःखाला इथं वेळापत्रक होतं, नियम होते आणि लोकांची साथ होती.

म्हणूनच रविवारी पहाटे ती गेली. कामाला नव्हे, बघायला. अंगणात नवी शेकोटी पेटवली होती. त्या आगीवर मोठी मेणबत्ती लावली. तिच्यात क्रूसावरच्या पाच जखमांच्या खुणा म्हणून धुपाचे पाच खडे टोचले होते. तिच्यावरून एकानं आपली छोटी मेणबत्ती पेटवली, त्याच्यावरून दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळं अंगण उजळलं. मग आत क्रूसावर मेलेल्याच्या गोष्टीचं वाचन सुरू झालं. अंधार असतानाच बायका कबरेकडे निघाल्या. हातात तेलं आणि सुगंधी द्रव्यं, गेलेल्याचं शेवटचं करायचं राहिलं होतं म्हणून. जाऊन बघतात तर दगड बाजूला आणि कबर रिकामी. देह नाही.

यावर चर्चभर घंटा वाजू लागल्या. लोक एकमेकांचे हात हातात घेऊ लागले. घडीबाईनं मात्र आपले हात मागे घेतले. देह नाही, आणि हे हसताहेत. ती गर्दीतून वाट काढत मागच्या खोलीत गेली आणि दिसेल ते कापड उचलून त्याच्या घड्या घालत सुटली.

उपासना संपल्यावर फादर तिथं आले. सणाच्या पोशाखातच स्टुलावर बसले.

"फादर, मला एक सांगा," ती मान वर न करता म्हणाली. "बायका शेवटचं करायला गेल्या आणि देहच नाही. यात आनंद कसला? मला माहीत आहे ते काय असतं. तेल हातात राहतं आणि लावायला माणूस नसतं."

फादर म्हणाले, "त्यांनाही आनंद झाला नव्हता. त्यांतली एक तर तिथंच उभी राहून रडत होती. तिला वाटलं, कोणीतरी देह चोरून नेला. आनंदाची गोष्ट नंतरची. आम्ही घंटा जरा लवकर वाजवतो."

"मग नंतर काय झालं की ती रडायची थांबली?"

"बाई, मला पाठ आहे ते मी सांगू शकतो. पण तुम्हाला पटेल असं आज मला सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी विचारा."

असं कबूल करणारा माणूस तिला त्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच भेटला होता. तिनं काम सोडलं नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा जांभळी कापडं निघाली. मोठ्या आठवड्याच्या सोमवारी ती इस्त्री तापायची वाट बघत होती आणि समोर वाचनाचं जाड पुस्तक उघडं पडलं होतं. रविवारचं पान. ती ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. मागच्या वर्षी तिच्या कानांनी अर्ध्यावरच दार लावून घेतलं होतं, त्यामुळे पुढचं तिला ठाऊकच नव्हतं. दोन शिष्य धावत कबरेशी आले. आत वाकून बघतात तर देहाभोवती गुंडाळलेली कापडं पडलेली. आणि डोक्याला बांधलेला रुमाल त्या कापडांत नव्हता, तो निराळा, घडी घालून एका जागी ठेवलेला होता.

तिनं ते वाक्य तीनदा वाचलं. इस्त्री तापून तापून धुमसायला लागली, तरी तिचं लक्ष नाही. फादर जळका वास आला म्हणून धावत आले.

"फादर, चोर घडी घालत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"इथं लिहिलंय. रुमाल नीट ठेवला होता. मी बारा वर्षं लोकांचे कपडे हाताळतेय. घाईतलं माणूस कपडा कसा टाकतं आणि सावकाशीनं उठलेलं माणूस कसा ठेवतं, हे मला न बघता कळतं. चोर असता तर कापडासकट उचलून नेला असता. नाहीतर कापडं ओरबाडून फेकली असती. ज्यानं हा रुमाल ठेवला त्याला कसली घाई नव्हती आणि कोणाचं भयही नव्हतं."

फादरांनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि ते स्टुलावर टेकले. "मी चाळीस वर्षं हे वाचतोय," ते म्हणाले. "जुन्या मोठ्या लोकांनी असंच काहीतरी म्हटल्याचं शिकलोही होतो. पण ते डोक्यात गेलं होतं. आत्ता पोटात गेलं."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं सासूबाईंना हे जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता भोंगा वाजणार. पण सासूबाई रेडिओ बंद करून ऐकत राहिल्या.

"त्यानं स्वतःच ठेवला म्हणतेस रुमाल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही. पण मला तसं वाटतं."

"आपल्या पोराला ठेवायला वेळ मिळाला नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "तो पसारा टाकायचा खरा, पण त्या दिवशी त्याला वेळच मिळाला नाही."

"नाही मिळाला, आई. ती घडी आपण घालू."

सासूबाई उठल्या, मोरीजवळ गेल्या आणि ती टोपली दोन्ही हातांनी ओढत घेऊन आल्या. दोन शर्ट, एक पँट, तेलाचे डाग पडलेलं एक फडकं. दोघींनी ते धुतले. दुसऱ्या दिवशी घडीबाईनं इस्त्री केली आणि सासूबाईंनी समोर बसून एकेक कपडा मांडीवर घेतला. शेवटच्या शर्टावर हात फिरवताना त्या म्हणाल्या, "गेला गं माझा." दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला, आणि मग दोघी मनसोक्त रडल्या. मुलगी शाळेतून आली तेव्हा बाबांचा फोटो ट्रंकेतून भिंतीवर परत आला होता. ती दप्तरासकट त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझं नाक याच्यासारखंच आहे की." सासूबाईंना रडता रडता हसू फुटलं.

पुढच्या ईस्टरला सासूबाई स्वतःहून चर्चमध्ये आल्या, "नुसतं बघायला" असं चार वेळा बजावून. त्यांना घंटा आवडल्या, मेणबत्ती आवडली, पण जीव जडला तो अंड्यांवर. कांद्याच्या सालींत उकळून लाल केलेली अंडी पोरांना वाटायचे. मग दोघांनी आपापलं अंडं एकमेकांच्या अंड्यावर आपटायचं, ज्याचं फुटेल तो बाद. हे कशासाठी, असं पोरांनी विचारलं की घडीबाई सांगायची, "कवच म्हणजे कबर. बाहेरून बघाल तर दगडासारखं मेलेलं, आत मात्र पिल्लू वाढतं. म्हणून फोडायचं. आणि लाल रंग त्याच्या रक्ताचा. शिवाय उपवासात पूर्वी लोक अंडी खात नसत, पण कोंबड्यांना उपवासाचं कोण सांगणार? त्या घालत राहायच्या. दीड महिन्याची अंडी साठली की सणाला दुसरं करणार काय?"

सासूबाईंनी सलग दोन वर्षं सगळ्या पोरांना हरवलं. तिसऱ्या वर्षी एका चौकस मुलीनं त्यांचं अंडं हातात घेऊन वाजवून बघितलं. मोजे रफू करायचं लाकडी अंडं होतं ते, लाल रंगवलेलं. सासूबाई जराही ओशाळल्या नाहीत. "मी म्हातारी आहे, मला फुटून चालणार नाही," म्हणाल्या. त्यानंतर अजून अकरा वर्षं त्या फुटल्या नाहीत. गेल्या त्या झोपेत, आपल्या बिछान्यात, आणि त्यांचं सगळं शेवटचं घडीबाईच्या हातून यथासांग झालं.

लोक अधूनमधून घडीबाईला विचारत, तुम्ही बाप्तिस्मा घेतला का? ती म्हणायची, "मी इथली इस्त्री आहे. इस्त्रीला कोण विचारतं?" म्हाताऱ्या फादरांनी कधीच विचारलं नाही. तिच्या चर्चमधल्या कामाच्या विसाव्या वर्षी, त्यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा तिनंच त्यांना विचारलं, "तुमच्या हातून राहून जायला नको, कधी करायचा?" त्यांनी तो ईस्टरच्या पहाटे केला. त्या दिवशी घालायचं पांढरं वस्त्र तिनं आदल्या दिवशी स्वतःच इस्त्री करून ठेवलं होतं. दुसऱ्या कोणाच्या हातचं तिला चाललंच नसतं.

त्यांच्यानंतर दोघे फादर आले आणि बदलून गेले. मग आले ते तरुण फादर, कामाचे, उत्साही, हातात सतत यादी. पहिल्याच वसंतात ते त्या लांबट खोलीत आले.

"मावशी, या जांभळ्या कापडांचं काही करायचं का? मी विचार करतोय की यंदा नको. घंटाही रेकॉर्डिंगवर टाकू. लोकांना आता यातलं काही कळत नाही. कशाला काय म्हणायचं हेसुद्धा ठाऊक नसतं. न कळणाऱ्या गोष्टी किती दिवस ओढायच्या?"

"मलाही कळत नव्हतं," ती म्हणाली. "कळत नव्हतं म्हणून तर विचारलं. कापडानं झाकलेलं बघितलं की माणूस विचारतं तरी. काही झाकलंच नाही तर विचारणार काय?"

फादर हसले. "मग तुम्हीच सांगा ना सगळ्यांना. येत्या बुधवारी."

"छे, मला उभं राहून बोलता येत नाही. जीभ टाळूला चिकटते."

"बसून?"

तिनं थोडा विचार केला. "इस्त्री करता करता जमेल कदाचित."

तसंच ठरलं. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात इस्त्रीचं टेबल मांडलं. फादरांना वाटलं होतं पंधरा-वीस जण येतील. ऐंशी आले. पहिली पाच मिनिटं तिचा आवाज फुटेना, नुसती इस्त्री फिरत होती. मग हाताखाली जांभळं कापड आलं आणि ती बोलायला लागली. डोळ्यांचा उपवास सांगितला. घंटा गप्प का बसतात ते सांगितलं. एका ज्योतीवरून शंभर ज्योती लावल्या तरी पहिली कमी होत नाही, हे सांगता सांगता सोमवारी बाकांवर सांडलेलं मेण कसं काढायचं तेही सांगितलं, वर खाकी कागद ठेवून गरम इस्त्री फिरवायची, मेण कागदात येतं. "मेणावरून मला कळतं कोण कुठं बसलं होतं आणि कोणाचा हात थरथरत होता," ती म्हणाली, तेव्हा दोघा-तिघांनी गुपचूप हात खिशात घातले. शेवटी तिनं रुमालाची गोष्ट सांगितली. स्वतःच्या नवऱ्याचीही सांगितली, चार वाक्यांत.

सगळे पांगल्यावर एक चाळिशीतली बाई मागे राहिली. घडीबाई वेदीचं लांब कापड एकटीच आवरत होती. त्या बाईनं न विचारता दुसरं टोक उचललं. दोघींनी कापड ताणलं, टोकाला टोक जुळवलं, जवळ आल्या, पुन्हा लांब गेल्या.

"माझा भाऊ सहा वर्षं बेपत्ता आहे," बाई म्हणाली. "घरात कोणी त्याचं नावसुद्धा काढत नाही."

"नाव काय त्याचं?" घडीबाईनं विचारलं.

बाईनं सांगितलं. मग तो कसा चालायचा, काय काय विसरायचा, लहानपणी तिच्या वाटचं कसं पळवायचा, हेही सांगितलं. कापड तर केव्हाच आवरून झालं होतं. घडीबाईनं ते मुद्दाम मोडलं आणि पुन्हा तिच्या हाती टोक दिलं. निघताना ती बाई म्हणाली, "मला हे शिकवाल?"

"मंगळवारी या. खळ कशी करतात त्यापासून सुरुवात करू."

जांभळी कापडं त्या वर्षी चढली आणि घंटाही खऱ्याच वाजल्या. त्या मंगळवारपासून आणखी दोघं येऊ लागले, एक निवृत्त ड्रायव्हर आणि त्याची सून. त्या दोघांचं घरी पटत नव्हतं, पण कापडाची दोन टोकं धरल्यावर गप्प राहून चालत नाही.

घडीबाई आता चौसष्ट वर्षांची आहे. परवा तरुण फादर तिच्याकडे नवीन कॅलेंडर घेऊन आले. "मावशी, पुढच्या वर्षी ईस्टर मार्चमध्येच येतोय. हा सण दरवर्षी असा पुढे-मागे का पळतो असं ड्रायव्हरकाका विचारत होते."

"दिवस आणि रात्र सारखी झाली की त्यानंतरची पहिली पौर्णिमा बघायची, आणि तिच्या पुढचा रविवार," ती म्हणाली. "उजेड अंधाराला गाठतो तिथून मोजायला लागायचं, एवढंच. त्यांना पाठवा इकडे, मी सांगते. आणि मार्चमध्ये म्हणता, म्हणजे कापडं फेब्रुवारीतच धुवायला काढायला हवीत. ऊन कमी असतं तेव्हा, वाळायला दोन दिवस जास्त धरा."